पाठ झालेला धडा

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका विद्यालयात मी विशेष शिक्षिका म्हणून आठवड्यातून दोन दिवस जाते. गेल्या पावसाळ्यात तिथे सहावीतील एका मुलाला माझ्याकडे पाठवण्यात आले, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर ‘इंग्रजी कच्चे, अभ्यासाकडे दुर्लक्ष’ असा शेरा होता. घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी अशा वाटेने आलेली मुले सुरुवातीला अडखळतातच, त्यामुळे असा शेरा आमच्याकडे सहज मारला जातो. परंतु माध्यम बदलल्यामुळे येणारी अडचण नव्या भाषेपुरती असते. वाचनाची अक्षमता, म्हणजेच डिस्लेक्सिया, मात्र मूल जी जी भाषा वाचायला शिकते, त्या प्रत्येकीत या ना त्या रूपाने डोकावते. म्हणून मी इंग्रजी बाजूला ठेवून त्याच्यासमोर चौथीचे मराठी पुस्तक उघडले.

त्याने धडा एकही चूक न करता, स्वल्पविरामाला थांबत वाचला. शेरा खरा असावा, असे मला क्षणभर वाटले. मग माझे लक्ष त्याच्या बोटाकडे गेले. तोंडाने परिच्छेद संपला होता आणि बोट अजून तिसऱ्याच ओळीवर होते.

त्याच धड्यातील शब्द मी क्रम बदलून कोऱ्या कागदावर लिहून दिले. ‘घर’चे ‘धर’ झाले, जोडाक्षरे अर्धी गळाली, वेलांट्या आणि उकार जागा बदलू लागले. ‘नुपाकी’, ‘धेमुटा’ असे निरर्थक शब्द पुढे ठेवल्यावर तर तो गप्पच झाला. ज्या शब्दाला अर्थ नाही तो अंदाजाने किंवा पाठांतराने वाचता येत नाही. तिथे प्रत्येक अक्षराचा ध्वनी ओळखून ते ध्वनी जोडावेच लागतात, आणि डिस्लेक्सियात नेमके तेच जड जाते. त्याची नजर तपासलेली होती, त्यात काही दोष नव्हता. बुद्धीविषयी तर मला शंकाच उरली नव्हती, कारण वर्गात इतरांचे वाचन ऐकून त्याने धडेच्या धडे डोक्यात साठवले होते.

दुपारी त्याचे वडील गॅरेजमधून थेट शाळेत आले. “बाई, ताका समजता सगळें, पूण वाचपाक येना,” एवढे बोलून ते बराच वेळ मुलाने लिहिलेला कागद पाहत राहिले. मुलाला बाहेर पाठवल्यावर त्यांनी सांगितले की त्यांचे स्वतःचेही असेच आहे. गावच्या जत्रेतील मराठी नाटकात ते दरवर्षी मोठी भूमिका करतात. तालमीला संहिता हातात धरतात. पण रात्री पत्नी ती मोठ्याने वाचते आणि ते ऐकूनच त्यांची स्वतःची आणि समोरच्या पात्राचीही भाषणे पाठ होतात. हे गावात कोणालाही ठाऊक नव्हते. आठवीत त्यांनी शाळा सोडली, ती ‘ढ’ हा शब्द सोबत घेऊनच.

ही अडचण अनेकदा घराण्यात उतरते, हे मी त्यांना सांगितले. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने वाचता न येणाऱ्या एका हुशार चौदा वर्षांच्या मुलाची नोंद केली होती, हेही सांगितले. आपल्याकडच्या अपंगांविषयीच्या 1995 च्या कायद्यात या अक्षमतेचा उल्लेखही नव्हता. 2016 च्या कायद्याने मान्य केलेल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत ती आली. म्हणजे हे गृहस्थ शाळेत होते तेव्हा त्यांच्या त्रासाला कायद्यात नावच नव्हते, आणि याचे मला आजही फार वाईट वाटते. मुलाला प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. मात्र ध्वनी आणि अक्षरे जोडण्याचा रोजचा सराव त्याला करावाच लागेल, हेही मी स्पष्ट केले.

पुढील तपासणीसाठी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे पत्र मी त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते घडी न घालता परत माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “बाई, एकदा वाचून दाखवा.” मी वाचले. त्यांनी डोळे मिटून, ‘माननीय महोदय’पासून माझ्या सहीपर्यंत, ते जसेच्या तसे म्हणून दाखवले.