गोदामातला कप्तान

काम समोर पडलेलं असलं की दुपारी माणूस जे करतो तेच मी केलं. आधी पाहिलेला, अर्धाअधिक पाठ असलेला एपिसोड पुन्हा लावला. 'स्टार ट्रेक' या जुन्या अमेरिकन अंतराळ-मालिकेतला, ट्रिबल्स नावाच्या केसाळ जीवांचा. चाहत्यांमध्ये एवढं म्हटलं की पुरतं. ऐकणाऱ्याचा हात आपोआप काहीतरी कुरवाळायला लागतो.

१९६७च्या डिसेंबरात तो अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. लिहिणारा डेव्हिड जेरॉल्ड तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि त्याची विकली गेलेली ही पहिलीच पटकथा. एवढ्या लहान वयात एवढं चांगलं काही लिहू नये, बाकीच्यांचा विचार करावा.

मला एंटरप्राइझ या अंतराळयानाचा कप्तान कर्क जिंकताना फारसा आवडत नाही, वैतागलेला आवडतो. आणि या एपिसोडमध्ये तो पहिल्यापासून वैतागलेला आहे. स्पेस स्टेशनवरून सर्वांत तातडीचा संदेश येतो, हा जीव तोडून धावत जातो, आणि तिथे एक सरकारी अधिकारी त्याला धान्याची राखण करायला सांगतो. कर्क त्या धान्याला नुसतं 'गहू' म्हणतो. त्यावर अधिकाऱ्याचा जो अपमान होतो तो बघण्यासारखा आहे, कारण ते साधासुधा गहू नसून क्वाड्रोट्रिटिकेल असतं. (यातलं ट्रिटिकेल खरं आहे, गहू आणि राय यांच्या संकरातून आलेलं. 'क्वाड्रो' मात्र भविष्यातलं.)

मग ते ट्रिबल्स. डोळे नाहीत, पाय नाहीत, तोंड कुठे आहे कळत नाही, नुसते मांजरासारखे घुरघुरणारे केसाळ गोळे. खायला मिळालं की पिल्लं घालत सुटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लहान होते आणि इंग्रजी संवादातलं जवळजवळ काहीच कळत नव्हतं. शेजारी बसलेला दादा अधूनमधून भाषांतर करायचा, आणि जिथे त्यालाही कळायचं नाही तिथे स्वतःचं घालायचा. त्यामुळे बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की स्पॉकला, म्हणजे कर्कच्या थंड डोक्याच्या अधिकाऱ्याला, ट्रिबल्सची भीती वाटते. घरात एक केसाळ टोपी होती. ती मी काही दिवस उशाशी घेऊन झोपायचे आणि कान लावून ऐकायचे. खायला मात्र कधी काही दिलं नाही. तेवढं एपिसोडने शिकवलंच होतं.

स्पॉक एके ठिकाणी ट्रिबल्सचा आकडा सांगतो: १७,७१,५६१. एका ट्रिबलपासून सुरुवात, एका वेताला सरासरी दहा पिल्लं, दर बारा तासांना नवी पिढी, आणि तीन दिवस. मी हे हिशेब करून बघते. आई धरून दर खेपेला अकरापट, तीन दिवसांत सहा खेपा, म्हणजे अकराचा सहावा घात. उत्तर शेवटच्या एककापर्यंत बरोबर येतं. आणखी तीन दिवस दिले तर आकडा तीन लाख कोटींच्या पुढे जातो. त्या दुपारचं काम असंच मागे पडलं.

पण ज्या प्रसंगासाठी मी हा एपिसोड लावते तो ट्रिबल्सचा नाहीच. त्या वेळी शेजारी कोणी बोललं तर मी मागे नेऊन पुन्हा सुरू करते, आणि बोलणाऱ्याला तेही बघावं लागतं. स्टेशनवरच्या बारमध्ये एक क्लिंगॉन, म्हणजे शत्रुपक्षाचा परग्रहवासी, कर्कला वाट्टेल ते बोलतो. हुकूमशहा काय, घमेंडी काय. कर्कचा तरुण अधिकारी चेकॉव्ह उसळतो. यानाचा इंजिनियर स्कॉटी त्याला दाबून खाली बसवतो, शिव्यांनी काही अंगाला भोकं पडत नाहीत. मग तोच क्लिंगॉन एंटरप्राइझला कचऱ्यात टाकायच्या लायकीची म्हणतो, आणि स्कॉटी शांतपणे उठून त्याला ठोसा लगावतो.

खरी मजा नंतर आहे. चौकशीत कर्क विचारतो, पहिला हात कोणी उचलला? स्कॉटी कबूल करतो. कर्कला मनातून बरं वाटत असतं, आपल्यासाठी भांडला बिचारा. मग एकेक तपशील बाहेर येतो आणि कळतं, कप्तानाला बोलले तेव्हा हा गप्प बसून होता. भांडण जहाजावरून झालं. कर्क झालेल्या विल्यम शॅटनरचा त्या वेळचा चेहरा! शिक्षा म्हणून स्कॉटीला खोलीत बसवतात, तर तो आभार मानतो. तांत्रिक मासिकं वाचायची राहिलेली असतात. हे बघून "हलकाफुलका आहे, सोडला तरी चालेल" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फक्त मनात नोंद ठेवते.

आणि शेवटी गोदाम. कर्क वरचं झाकण उघडतो आणि ट्रिबल्सचा ढीग त्याच्या डोक्यावर कोसळतो. गळ्यापर्यंत बुडालेला कप्तान तरीही कप्तानासारखाच बोलत राहतो, आणि वरून मधूनच एखादा ट्रिबल टपकन डोक्यावर पडतो. चित्रीकरणाच्या वेळी आतून ते फेकणाऱ्या माणसांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, थांबायचं कधी ते कळत नव्हतं, म्हणून ते आपले फेकत राहिले. १९९६ मध्ये 'डीप स्पेस नाइन' या नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेवाल्यांनी आपली पात्रं या जुन्याच दृश्यांत नेऊन बसवली, आणि तिथे दिसलं की आतमध्ये त्यांची सिस्को आणि डॅक्स ही पात्रं ट्रिबल्समध्ये लपवलेला बॉम्ब शोधताहेत आणि तपासून झालेला एकेक खाली टाकताहेत. सेटवरच्या गोंधळाला जवळजवळ एकोणतीस वर्षांनी कथेतलं कारण मिळालं! एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर एवढी मेहनत घेणारी माणसं जगात आहेत, ही मला फार दिलाशाची गोष्ट वाटते. मी त्यांच्यातली आहे, फक्त आळशी.

या वेळी मात्र हसता हसता एक गोष्ट मध्ये आली. कर्कच्या अंगावर पडणाऱ्या ट्रिबल्सपैकी बरेचसे मेलेले असतात. धान्यात विषाणू घातलेला असतो, खाल्लेलं अंगी लागतच नाही. धान्याने भरलेल्या गोदामात ते उपाशी मरतात. हे वाक्य कर्कच्या तोंडी आहे, आणि ते धान्य माणसांच्या वसाहतीसाठी निघालेलं आहे.

दादाने तेव्हा या वाक्याचं काय भाषांतर केलं होतं, आठवत नाही. बहुतेक केलंच नसावं.