खांबाला टकटक

म्हाताऱ्या माणसांना उभं करणं हा माझा धंदा. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका नर्सिंग होममध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोण आज किती सेकंद उभं राहिलं, कोणाच्या हाताला किती आधार लागला, एवढंच दिवसभर लिहीत असते. माणसांची नावं इथे सांगता येत नाहीत, कायदा कडक आहे, आणि नावांवाचून काही अडतही नाही.

ऑक्टोबरात एकदा बार्ड्सटाउनची सहल निघाली. साडेतेरा हजार वस्तीचं गाव, जुनी चर्चं बघायची आणि संध्याकाळच्या आत परत. सात जण, त्यातल्या चार व्हीलचेअर. अशा सहलीत माझी नजर इतिहासावर नसते, उंबऱ्यावर असते. कुठे पायरी, कुठे गालिच्याची सुटलेली कड, शौचालयाचं दार किती रुंद.

‘ऐतिहासिक कॅथलिक स्थळं’ असं पत्रकात वाचून मी गालात हसले होते. मी वसईची. आमच्या नंदाखालचं देऊळ 1573चं. (आम्ही वसईकर कॅथलिक चर्चला देऊळच म्हणतो, बाहेरच्यांना गंमत वाटते.) आणि इथे 1819 सालची इमारत म्हणजे पुराणकाळ! पण गाईडबाईंनी पहिलंच वाक्य असं टाकलं, की मी गप्प झाले. 1808 साली पोपने अमेरिकेत एकाच वेळी चार नवे धर्मप्रांत केले: बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बार्ड्सटाउन. त्या तिघांच्या रांगेत हे गाव! पहिले बिशप फ्लाजे 1811 साली इथे आले तेव्हा ना कॅथेड्रल (बिशपांचं मुख्य चर्च) ना बंगला, मुक्काम लाकडी ओंडक्यांच्या घरात. 1841 साली बिशपांची गादी लुईव्हिलला गेली, गाव मागे राहिलं. म्हणून इथल्या त्या 1819च्या चर्चचं नाव प्रोटो-कॅथेड्रल, म्हणजे आधीचं कॅथेड्रल.

या रानात कॅथलिक आले कुठून? मेरीलँडहून. 1785 साली बेसिल हेडन नावाचा माणूस तिथली कॅथलिक कुटुंबं घेऊन डोंगर ओलांडून इकडे उतरला. तो दारूही गाळायचा. आज त्याच्या नावाची बर्बन व्हिस्की विकली जाते. या परगण्यात क्रूस आणि भट्टी जवळजवळ एकाच गाडीतून उतरले म्हणायचे.

आमच्यातले एक आजोबा त्या दुसऱ्या परंपरेतले. वय 84. चाळीस वर्षं बर्बनची पिंपं बांधली. खिळा नाही, सरस नाही, नुसत्या ओकच्या फळ्या आणि लोखंडी कड्या, आतून जाळून काळं केलेलं पिंप. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झाल्याला सहा आठवडे झाले होते, आणि गेले तीन आठवडे ते माझ्याशी असहकार पुकारून होते. चाळीस सेकंदांच्या वर उभे राहायचे नाहीत. हाड जुळलं होतं, ताकद होती. “कशासाठी उभा राहू?” असं विचारायचे, आणि याला माझ्या फॉर्मवर रकाना नव्हता.

बाजूच्या दाराने आम्ही आत गेलो. उंच पांढरे खांब, भिंतींवर मोठी जुनी चित्रं. “या विटा इथल्याच मातीच्या, इथेच भाजलेल्या,” गाईडबाई सांगत होत्या. “आणि हे खांब दगडाचे वाटतात ना? ते अख्खी झाडं आहेत. आसपासच्या जंगलातले बुंधे आणून उभे केले, वरून गिलावा.”

आजोबांनी मान वळवली. “मला तिथे ने.”

खुर्ची मी खांबापाशी नेली. बाकांच्या मधली जागा अरुंद होती. उजवा ब्रेक लावला. डावा लावायला वाकणार, तोच त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले आणि उठले. मी त्यांच्या कमरेचा पट्टा पकडला आणि सवयीने घड्याळ चालू केलं.

त्यांनी आधी तळवा ठेवला. मग लग्नाच्या अंगठीने टकटक केलं, खाली एकदा, खांद्याशी एकदा. मग कान लावला. घोड्याच्या पोटाला कान लावलेला डॉक्टर मी पाहिला आहे, चेहरा अगदी तसा. दगडाचा असता तर ‘टक्’ वाजला असता. हा ‘ढब्’ वाजत होता.

“लाकूडच,” ते म्हणाले. “ओक नसावा.”

“आवाजावरून कळतं?”

“नाही गं. ओक असता तर कोणीतरी पिंप करून टाकलं असतं.”

माझं घड्याळ दोन मिनिटं दहा सेकंदांवर होतं. मी इतकी खूश झाले, की न लावलेला ब्रेक साफ विसरले. ते बसायला लागले आणि खुर्ची डावीकडून गर्रकन मागे सरकली. एका क्षणात सगळं वजन माझ्या मांडीवर. पट्टा हातात होता म्हणून निभावलं. मदतनीस मुलगी धावली, दोघींनी मिळून त्यांना बाकावर टेकवलं. चूक शंभर टक्के माझी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला मी ज्यावरून झापते, नेमकी तीच. संध्याकाळी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. आजोबांना त्याचं काही नव्हतं, ते वर बघत फांद्या कुठून छाटल्या असतील याचा विचार करत होते.

हे सगळं चालू असताना आमच्यातल्या एक कृष्णवर्णीय आजी खुर्चीतून मला खुणावत होत्या. “मला पुढे ने.” नेलं. “अजून पुढे.” अगदी वेदीसमोर नेल्यावर त्या स्वस्थ झाल्या. चित्रांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “1952 साली ही चोरीला गेली होती. गावभर नुसता गोंधळ. पुढे सापडली.” मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, “लहानपणी आम्ही मागच्या बाकावर बसायचो. इथून कसं दिसतं ते बघायचं होतं.” त्यांची पणजी एका कॅथलिक घरात गुलाम होती. मालकाच्या हिशेबाच्या वहीत तिचं नाव आहे, आडनाव नाही. इथल्या धर्मसंस्थांनीही गुलाम बाळगले होते. 2000 साली तीन संस्थांच्या सिस्टरांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. हे आजींनीच सांगितलं, गाईडबाईंच्या पाठांतरात नव्हतं.

निघताना त्यांची खुर्ची मी मधल्या वाटेने नेली, सावकाश. बसचा ड्रायव्हर खोळंबला तर खोळंबला.

दुपारी गेथसेमनीचा मठ. 1848 साली फ्रान्सहून आलेल्या साधूंनी वसवलेला, लेखक-साधू थॉमस मर्टनचा मठ. त्याच्या कबरीवर बाकी साधूंसारखाच साधा पांढरा क्रूस, वर त्याचं मठातलं नाव, फादर लुई. मला तिथे बसायचं होतं, पण दोघांना बाथरूमला न्यायचं होतं, आणि पिंपवाले आजोबा साधूंच्या दुकानात बर्बन घातलेली फज खात सापडले. मधुमेह आहे. तोही रिपोर्ट.

सोमवारी सकाळी ते जिममध्ये आले. पॅरलल बारपाशी खुर्ची लावली, दोन्ही ब्रेक लावले, पुन्हा हात लावून पाहिले. त्यांनी अंगठीने दांडी वाजवली.

“स्टील.”

मग हात लांब करून मागची भिंत वाजवली. ड्रायवॉल, पोकळ. तोंड वाकडं केलं.

“आणि तो तिकडचा?” खिडकीजवळच्या खांबाकडे बोट. बारच्या टोकापासून सहा पावलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले, आणि पट्टा बांधायला घेतला.