वापरलेली पेट्रोल फोर बाय फोर : निवडीची तिसरी नोंद

वापरलेली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देऊ शकणारी गाडी अखेर ठरली: सुझुकीची ग्रँड व्हिटारा. मागील दोन नोंदींमध्ये मी इंजिनाच्या ताकदीबद्दल बरेच लिहिले होते. या महिन्यात चार गाड्यांच्या खाली झोपून पाहिल्यानंतर माझा क्रम पार बदलला असून आता मी ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आधी, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) त्यानंतर आणि इंजिन सर्वांत शेवटी पाहतो.

पेट्रोलचा निर्णय मात्र कायम राहिला. माझी रोजची फेरी जेमतेम बारा किलोमीटरची, तीही थांबत-थांबत होणारी आहे. एवढ्या अंतरात आधुनिक डिझेल गाडीचा एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळून जात नाही आणि तो तुंबू लागतो. चढावर डिझेलचा जोर हवाहवासा वाटतो हे खरे. पण लो रेंज, म्हणजे ट्रान्स्फर केसमधली वेग कमी करून जोर वाढवणारी जास्तीची गिअरजोडी, असेल तर पेट्रोलची ती उणीव बरीच भरून निघते. सुझुकीच्याच जिम्नी या छोट्या फोर बाय फोरच्या २०१८ सालच्या पिढीत लो रेंजचे गुणोत्तर २.००२ आहे, म्हणजे इंजिन तेवढेच फिरत असताना गाडी निम्म्या वेगाने चालते आणि चाकांना जवळजवळ दुप्पट पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर मिळतो. दगडांतून उतरताना ब्रेकवरचा पाय काढून गाडी नुसत्या इंजिनावर तोलून धरता येते, ती यामुळेच.

जिम्नीवर माझा जीव होता आणि अजूनही आहे. शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड आस आणि तीन दारांच्या गाडीचा अवघा २२५० मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) यांमुळे ती जिथून निघते तिथून मोठ्या गाड्यांना मागे फिरावे लागते. अडचण आहे ती रोजच्या रस्त्याची. तिची फोर व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना नाही. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. मातीत ती थोडी घसरून हा फरक पचवतात, पण कोरड्या डांबरावर ती सोय नसल्यामुळे शाफ्ट आणि गिअर पिळले जातात व गाडी अडखळू लागते. अर्धा रस्ता ओला आणि अर्धा कोरडा असताना अशी व्यवस्था दर वळणाला जोडत-सोडत बसणे मला पटले नाही.

म्हणून मी २००५ साली आलेल्या पिढीच्या ग्रँड व्हिटाराकडे वळलो. तिच्या दोन लिटर पेट्रोल गाडीत मध्यभागी डिफरन्शियल असल्याने चारही चाकांना कायम ताकद मिळते, आणि गरज पडेल तेव्हा तेच डिफरन्शियल लॉक करून लो रेंज लावता येते. या मॉडेलच्या सगळ्याच आवृत्त्यांमध्ये लो रेंज नसते, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नये. ‘४एच’ (नेहमीची हाय रेंज), ‘४एच लॉक’ (हाय रेंज, मधले डिफरन्शियल लॉक), ‘एन’ (न्यूट्रल) आणि ‘४एल लॉक’ (लो रेंज, लॉकसह) असे चारही पर्याय डॅशबोर्डवर डोळ्यांनी पाहावेत. मर्यादाही सांगितलीच पाहिजे. प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होणाऱ्या स्वतंत्र सस्पेन्शनमुळे खड्ड्यात एखादे चाक लवकर अधांतरी होते, आणि मधला लॉक फक्त पुढच्या-मागच्या आसांना एकत्र बांधतो, एकाच आसावरच्या दोन चाकांना नाही. तिरप्या रेषेतल्या कोपऱ्यांतली दोन चाके, जसे पुढचे डावे आणि मागचे उजवे, उचलली गेली की जमिनीवरच्या चाकांना फारच थोडा जोर मिळतो.

पाहिलेल्या गाड्यांपैकी पहिली दोन नाकारताना वेळ लागला नाही. तिसरीने मात्र मला जवळजवळ जिंकले होते: रंग ताजा, आतली बैठक स्वच्छ, इंजिन शांत. खाली काळा लेप नुकताच मारलेला होता, म्हणून मी हातोडीच्या मागच्या टोकाने मागच्या चाकाजवळची चासी ठोकत गेलो. खणखणीत आवाज येता येता एका ठिकाणी तो बद झाला, लेपाची खपली सुटली आणि आतून गंजाचा भुगा माझ्या बाहीवर पडला. त्याच गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये बोट घातले तर तेल दुधाळ निघाले. पाण्यातून गाडी काढल्यानंतर तेल न बदलल्याची ती खूण होती. माझ्या मते नव्या लेपाची गाडी जुन्या चिखलाच्या गाडीपेक्षा अधिक बारकाईने तपासावी.

चौथी गाडी दिसायला साधी होती, पण चासी कोरडी आणि तेल स्वच्छ होते. मोकळ्या मातीवर ती न्यूट्रलमध्ये उभी करून मी लो रेंज लावली. डॅशबोर्डवरचा दिवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताच ती ॲक्सिलरेटरशिवाय उतारावरून संथपणे उतरू लागली. तिथेच मन ठरले. चारही टायर मात्र सारखे झिजलेले नव्हते. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत असा फरक मधल्या डिफरन्शियलला सतत काम करायला लावतो, म्हणून पहिला खर्च एकाच मापाच्या चार टायरांवर होईल. त्यानंतर इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलांचे तेल बदलेन, आणि ट्रान्स्फर केसमधून काढलेल्या तेलात धातूचा चुरा दिसतो का, ते पुढच्या नोंदीत लिहीन.