बॅटरी तळात ठेवू नका रे

मागच्या नोव्हेंबरात हर्णैहून जाळं टाकायला गेलो होतो, मी, बाबा आणि दोन खलाशी. छोटी फायबरची बोट, जाळं टाकून इंजिन बंद केलं आणि पडलो. पहाटे तीनच्या सुमारास बाबांच्या पायाला पाणी लागलं. पंख्याचा शाफ्ट बोटीतून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बुचातून, आत येत होतं, आणि तळातलं पाणी बाहेर फेकणारा ऑटोमॅटिक पंप गप्प!

का गप्प, तर बॅटरी उतरू नये म्हणून झोपताना आम्ही मेन स्विच बंद करतो, आणि वायरिंग करणाऱ्याने पंपाचा फ्लोटही, म्हणजे पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारा स्विच, त्याच मेनवर जोडलेला. म्हणजे ज्या वेळी पंप लागतो नेमकं त्याच वेळी तो बंद. मेन टाकला तर पंप दहा सेकंद घरघरला आणि मेला, कारण खाली पाण्यातच वायर पिळून टेप मारलेला जॉइंट, आत तांबं हिरवं पडून भुगा झालेलं.

बाबा ओरडले, "आधी इंजिन लाव, मग काय ते बघ!" त्यांचं बरोबर होतं, साधं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला बॅटरी लागत नाही, पण सुरू करायला लागते. इंजिन लागलं तेवढ्यात तळात ठेवलेली बॅटरी बुडाली, दिवे पिवळे झाले, गेले, वायरलेसही गेला, आणि स्विमिंग पूलसारखा वास यायला लागला. खारं पाणी बॅटरीतल्या ॲसिडमध्ये गेलं की क्लोरीन निघतो, तिथे वाकून हुंगत बसू नका.

मग काय, दोघं बादल्या घेऊन उपसत होते, मी टॉर्च धरलेला आणि बाबांनी पान्याने ग्लँडचे नट आवळले. तेही पार घट्ट नाही. "थेंब थेंब गळू दे, नाहीतर शाफ्ट कोरडा फिरून जळेल."

घरी येऊन हिशोब केला. पाण्याखाली फूटभर, एक इंची भोक पडलं तर मिनिटाला ४०-४५ लिटर पाणी आत येतं. पंपावर ताशी ४ हजार लिटर लिहिलेलं असतं खरं, पण पाणी वर चढवताना आणि उतरलेल्या बॅटरीवर तेवढं कुठलं निघायला. बादलीच्या जोरावरच वाचलो.

आता बॅटरी वर केबिनमध्ये, पेटीत पट्ट्याने बांधलेली. पंपाला मेनच्या आधीच बॅटरीवरून वेगळी लाइन, स्वतःचा फ्यूज, कलई केलेली वायर आणि सगळे जॉइंट वर. काही बोटींवर मोबाईल, टीव्हीसाठी इन्व्हर्टर असतो, त्याचं मात्र ऐका. १२ व्होल्टने सहसा शॉक बसत नाही पण २३० व्होल्ट जीव घेतो, त्यामुळे पाणी भरलं तर त्यात पाय टाकायच्या आधी कोरड्या हाताने तो बंद. कोस्ट गार्डचा मदतीचा नंबर १५५४ मोबाईलमध्ये आहेच, पण किनाऱ्यापासून लांब गेलं की रेंज कुठे असते, म्हणून वायरलेसला वर एक छोटी वेगळी बॅटरी दिली.

लाजेची गोष्ट म्हणजे लाइफ जॅकेटं त्या रात्री जाळ्याच्या ढिगाखाली होती, आता आडव्या दांडीला लटकतात. डिझेलचे रिकामे कॅनही बूच घट्ट लावून आतून बांधलेत, बोट भरलीच तर तेवढाच आधार, आणि उलटली तरी तिला धरून राहायचं, किनारा दिसतो म्हणून पोहत सुटायचं नाही.

बाबा आता बंदर सोडायच्या आधी पायाच्या अंगठ्याने फ्लोट वर उचलतात, मेन बंद ठेवून. पंप घरघरला की मगच दोर सोडायला सांगतात.