झांस्कर: उन्हावर चालणारी नदी

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करणाऱ्या आम्हा पुणेकरांच्या अंगी एक हिशेब मुरलेला असतो. भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटलं की नदी भरते, म्हणून सकाळी वेळेवर हजर राहायचं. लडाखमधल्या झांस्करला पाणी सोडणारं कुणी नाही. दिवसभर ऊन लागून हिमनद्या वितळतात आणि ते पाणी खाली पोहोचतं संध्याकाळी, कधी रात्री.

पहिल्याच मुक्कामावर गाइडने पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवला. डाळभात होईस्तोवर दगड दिसेनासा झाला. "और ऊपर," तो म्हणाला. सगळ्यांनी मिळून राफ्ट पुन्हा उचलल्या आणि दोर मोठ्या धोंड्याला बांधले.

पदुमजवळ स्तोद आणि लुंगनाक मिळून झांस्कर होते. सुरुवातीला पात्र ऐसपैस, काठाला जवाची शेतं. मग डोंगर अंगावर येतात आणि घळ सुरू होते. पाणी राखाडी, गाळाने भरलेलं. संथ पाण्यात वल्ही थांबवली की राफ्टच्या तळाला तो गाळ घासताना ऐकू येतो, सुपात तांदूळ पाखडावेत तसा. मला या नदीचा सगळ्यात आवडलेला आवाज तो.

न्येरकजवळ घळ फार अरुंद होते. तिथे लाटांच्या गर्जनेत गाइडचं "फॉरवर्ड!" अर्धंच कानावर येतं. पुढे डावीकडे आमच्या काकू बसल्या होत्या. "काकू, तुम्ही लय सोडू नका, आम्ही तुमचं वल्हं बघूनच मारतोय," मी मागून ओरडले. त्यांनी मान न वळवता फक्त वल्हं आणखी खोल घातलं. सगळी राफ्ट त्यांच्या हातावर चालली.

निम्मूपासून पदुममार्गे हिमाचलातल्या दारचा गावापर्यंतचा रस्ता 2024 मध्ये जोडला गेला. 'एकांत संपला' ही आपल्यासारख्या पाहुण्यांची हळहळ मला पटत नाही. हिवाळ्यात याच नदीच्या गोठलेल्या पाठीवरून, चादरवरून, इथली माणसं मुलांना लेहच्या शाळेत पोहोचवायची. रस्ता त्यांच्या हक्काचाच आहे.

निम्मूला झांस्कर सिंधूला मिळते, आणि उन्हाळ्यात पाणी जास्त हिचंच असतं.

जायचं असेल तर जुलै-ऑगस्ट बघा. आधी लेहला राहून विरळ हवा अंगवळणी पाडा. बर्फाच्या पाण्यात बोटं पटकन बधिर होतात, म्हणून उलटलेल्या राफ्टवर परत चढायचा सराव कोलाडलाच करून घ्या.