बिडाचं टेबल का विकलं, आणि तुम्ही कुठलं घ्यावं

"ताई, राउटर टेबल कुठलं घेऊ?" या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही, अशी तक्रार आहे. (राउटर म्हणजे लाकडात खाचा पाडायचं, कडा घडवायचं यंत्र. तो टेबलाखाली उलटा टांगायचा, त्याचं फिरतं पातं, म्हणजे बिट, टेबलातून वर येतं.) तक्रार खरी आहे. कारण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतोच, "तुमचं ते बिडाचं, लिफ्टवालं टेबल विकून तुम्ही फळीवर काम का करता?" आणि तिसरा कुणी तोंडावर विचारत नाही, पण तो आवाजात असतो. त्या टेबलावर बोट कापलं म्हणून घाबरलात का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

घ्यायचं तर बिडाचंच घ्या, असं एके काळी मीच सांगत सुटले होते. वजन असेल तर थरथर कमी, थरथर कमी तर काम गुळगुळीत. ते आजही खोटं नाही. लिफ्टचं सुख तर विचारूच नका. वरून दांडा फिरवायचा आणि बिट केसाएवढं वर. टेबलाखाली वाकून, मान वाकडी करून पाना शोधायचा नाही. त्या लिफ्टची मला अजून आठवण येते. पण माझं सांगणं तिथेच थांबत नसे. फेन्सला, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायच्या आडव्या आधाराला, दोन्ही बाजूंनी रूळ हवेत, बारीक मापाचे स्क्रू हवेत, ती टेबलाच्या कडेला अगदी समांतर हवी, हे मी छातीठोकपणे सांगायचे. ते साफ चूक होतं. टेबल-सॉच्या, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीच्या, पात्याला फेन्स समांतर लागते. राउटरचं बिट गोल फिरतं, त्याला सगळ्या दिशा सारख्याच. फेन्सपासून बिटाची धार किती लांब, एवढंच माप खरं. (तिरप्या आधारपट्टीने आडवं लाकूड सरकवायचं असेल तर समांतर लागेल, पण त्याच्या ऐवजी चौकोनी ठोकळा मागे धरला की भागतं.) आज माझी फेन्स म्हणजे रंधा मारून सरळ केलेली एक जाड फळी आहे. एक टोक बोल्टवर फिरतं, दुसऱ्याला क्लॅम्प. बिट मधोमध असल्यामुळे मोकळं टोक दोन मिलिमीटर सरकवलं की बिटापाशी एकच मिलिमीटर फरक पडतो. बारीक मापाचा स्क्रू फुकटात मिळाला की नाही?

सपाटी मात्र बघा. ती बघितल्याशिवाय काहीच घेऊ नका. टेबलाच्या मध्यभागी प्लेटसाठी, म्हणजे राउटर ज्याला टांगतात त्या पत्र्यासाठी, चौकोन कापलेला असतो, आणि जिथे ताकद कमी झाली तिथेच पाच-सहा किलोचं यंत्र लटकतं. माझं अगदी पहिलं टेबल एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचं, होतं, सनमायका फक्त वरच्या बाजूला. ते वर्षभरात मध्ये बसलं. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय, असं वाटतं ना? लांब फळी त्या खोलग्यावरून पुलासारखी जाते, तिची खाच उथळ होते. आखूड तुकडा खोलग्यात उतरतो, त्याची खाच खोल. बिटाची उंची एकच असून ड्रॉवरच्या चार बाजूंतल्या तळाच्या खाचा चार खोलींच्या! मी तेव्हा दोन दिवस राउटरला शिव्या देत होते. म्हणून सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून बघा, प्लेटवरूनही बघा. मध्ये किंचित फुगवटा असला तर चालेल, लाकूड दाबून धरता येतं. खड्डा नको.

आता ते बोट.

एका पेटीच्या झाकणाला कडेने लावायची पट्टी होती. बारा मिलिमीटर रुंद, हातभर लांब. ती एका टोकाला जरा जाड भरली होती. रंध्याचे चार हात मारले असते तर संपलं असतं. पण समोर एवढं मोठं टेबल उभं असताना रंधा कोण हातात घेतो? मी फेन्स मागे सरकवली, बिट मोकळं उभं केलं आणि पट्टी फेन्स आणि बिट यांच्या मधून घातली. तुमच्यातल्या ज्यांना माहीत आहे ते इथेच डोळे मिटतील. मलाही माहीत होतं. इतरांना मी ते दहा वेळा सांगितलं होतं. वरून बघितलं तर टेबलातलं बिट घड्याळाच्या उलटं फिरतं. लाकूड बिटाच्या पुढून, म्हणजे आपल्या बाजूने, उजवीकडून डावीकडे सरकवलं तर धार त्याला उजवीकडे परत ढकलते, आणि म्हणूनच ते आपल्या ताब्यात राहतं. बिटाच्या मागून घातलं की तीच धार त्याला डावीकडे ओढते. 19 मिलिमीटरचं सरळ बिट, मिनिटाला 18,000 फेरे. हिशोब मी नंतर केला, बँडेज बांधलेल्या हाताने: धारेचा वेग सेकंदाला सुमारे 18 मीटर, ताशी साठ किलोमीटरच्या वर.

आवाज फार मोठा झाला नाही. "टप्" असं काहीतरी. पट्टी हातात नव्हती आणि हात तिच्यामागे गेला होता. मधल्या बोटाचं नख आणि शेंड्याचा थोडा भाग. दुखलं नाही, निदान तेव्हा तरी. टेबलावरच्या भुशात लाल ठिपके पडत होते आणि भुसा ते शोषून घेत होता, एवढं स्पष्ट दिसत होतं.

आणि बिट फिरतच होतं. राउटरचा स्विच राउटरवर, आणि राउटर टेबलाखाली, कपाटाच्या दाराआड. मी डाव्या हाताने उजवी मूठ आवळून धरली होती, म्हणजे दोन्ही हात अडकलेले. गुडघ्यावर बसले, कोपराने दार उघडलं, मूठ सोडली, आणि डोक्यावर ते घरघरत असताना आत हात घालून चाचपडत राहिले. राउटर उलटा टांगलेला असला की स्विचचं चालू-बंदही उलटं होतं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. त्या बोटापेक्षा मला ते चाचपडणंच जास्त आठवतं.

पट्टी संध्याकाळी मुलाला सापडली. भुश्याच्या प्लॅस्टिकच्या बादलीत, पण वरून पडलेली नव्हे. बादलीची भिंत फोडून अर्धी आत, अर्धी बाहेर. "आई, ही यात कशी घुसवलीस?" त्याला वाटलं, मी मुद्दाम काहीतरी करून बघितलंय. त्या बादलीवर फळी टाकून तो गृहपाठ करत बसायचा.

तर, घाबरले का? नाही, असं मी वर्षभर सांगितलं. जागा फार खात होतं, रूळ बिनकामाचे होते, हातात राउटर धरून करायची कामंही मी उगाच टेबलावर ओढत होते, ही सगळी कारणं दिली. सगळी खरी आहेत. पण टेबल विकायच्या आधी तीन महिने मी त्याच्यावर फक्त डबे ठेवत होते, हेही खरं आहे.

आणि तुम्ही म्हणाल, गुडघ्याने बंद होणारा स्विच बसवायचा होता, टेबल कशाला विकायचं? तो स्विच माझ्याकडे होता. लिफ्टबरोबरच आणला होता. समोरच्या पायाला बसवायचा, राउटरचा स्वतःचा स्विच कायम चालू ठेवायचा, आणि वीज जाऊन परत आली तर आपोआप सुरू न होणारा प्रकार. खोक्यासकट ड्रॉवरमध्ये पडून होता. रविवारी बसवू, म्हणून.

तेव्हा टेबलाचा दोष काही नव्हता. पट्टी मी चुकीच्या बाजूने घातली, स्विच मी बसवला नाही. दोन एमडीएफ चिकटवून, दोन्ही बाजूंना सनमायका लावून केलेल्या या माझ्या फळीवरही तोच मूर्खपणा करता येतो, आणि बोट तेवढंच जाईल. मग फळीवर हात का थरथरत नाही? मला वाटतं गुडघ्याशी तो स्विच आहे म्हणून. कधी वाटतं, ही फळी मी केली म्हणून. दोन्हीवर माझा पूर्ण विश्वास नाही.

तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. वेग कमी-जास्त करता येणारा राउटर नसेल तर टेबलाचा विचार आत्ता करू नका. दाराच्या फळ्यांच्या कडा उतरत्या करायचं 82 मिलिमीटरचं पॅनेलचं बिट 24,000 फेऱ्यांवर फिरवलं तर धार ताशी 370 किलोमीटरने जाते. ते दहा-बारा हजारांवरच चालवायचं, आणि अर्धा इंची दांड्याचं, म्हणजे कोलेटही (बिटाचा दांडा पकडणारी चिमटी) तसा हवा. बाकी बीड घ्या, फेनॉलिक (राळेत दाबून केलेला टणक पाट) घ्या, स्वतः करा. मला खरंच फार फरक पडत नाही.

टेबल ज्यांनी नेलं, त्यांना मी तो स्विच दिला नाही. तो मला फळीला हवा होता. तुम्ही पहिल्याच दिवशी नवा बसवा, असं बजावून सांगितलं. मध्ये दोनदा फोन करून विचारलंही. टेबल झकास चाललंय म्हणाले, आणि स्विच येत्या रविवारी बसवणार आहेत.