गाडीच्या डोक्यावरचं छप्पर

१२ ऑक्टोबर, रविवार

गाडी दसऱ्याला दारात आली. जीएसटी उतरला म्हणून आली, हे खरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ ऐवजी १८ टक्के झाले आणि घरात वर्षभर रेंगाळलेला विषय आठवड्यात निकाली निघाला. साठेक हजार वाचले, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. ते कुठं जाणार, ते आज कळलं.

शेजारच्यांच्या नारळाची एक झावळी काल रात्री गाडीपासून हातभर अंतरावर पडली. सकाळी चहा पिताना अण्णांनी विषय काढलाच. "सिमेंटपण अठरावर आलंय. गॅरेज आत्ताच बांधून टाकू."

मी कागद घेऊन बसलो. घर आणि कंपाउंड यांच्यामधली पट्टी दहा फूट रुंद, अठरा फूट लांब. म्हणजे १८० चौरस फूट. आरसीसी बांधकामाला चौरस फुटाला साधारण ०.४ पोतं सिमेंट धरतात, म्हणजे बहात्तर पोती. पोतं ३७० ला मिळत होतं, ते कर उतरल्यावर ३४० च्या आसपास यायला हवं. म्हणजे सगळ्या कामात वाचणार दोन हजार आणि थोडे. अण्णांना आकडा वाचून दाखवला. ते म्हणाले, "दोन हजार काय झाडाला लागत्यात?" बरोबर आहे. पण दोन हजार वाचवायला लाखांचं काम काढायचं, हे गणित आमच्या कोल्हापुरातल्या साने गुरुजी वसाहतीतच जमतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज मिस्त्री येऊन गेले. काठीनं जमीन टोकरली आणि मान हलवली. वर सगळी काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. तिच्यावर पाया टेकवला की भिंतीलाही भेगा. खाली मुरूम लागेपर्यंत उकरायचं, मग फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद पाया. दर सांगितला एकवीसशे रुपये फूट. १८० गुणिले २,१०० म्हणजे ३,७८,०००.

हा आकडा ऐकून घरात सगळे गप्प झाले, पण तो शेवटचा नव्हता. जोत्यात दीड फूट मुरमाची भर लागणार, म्हणजे २७० घनफूट, पावणेतीन ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). वर दगडांचं सोलिंग आणि चार इंच काँक्रीट. हे सगळं पस्तीस हजार. आत्ताचं गेट सात फुटांचं. गाडी त्यातून जाते, पण आरसे मिटून. एक खांब पाडून ते नऊ फूट करायचं, शिवाय बाहेरच्या गटारावर गाडीचं वजन पेलेल अशी लोखंडी जाळी टाकायची. त्याचे अठ्ठावीस हजार. शटर आठ फूट रुंद आणि साडेसात उंच, पण माप घेताना वर गुंडाळी बसते तिचा एक फूट जास्त धरतात. अडुसष्ट फूट, तीनशेच्या दरानं २०,४००. बेरीज ४,६१,४००. इंजिनिअरची फी, बाजूच्या जागेत बांधायचं म्हणून महापालिकेची परवानगी आणि पुढं दरवर्षी वाढणारा घरफाळा यात धरलेलाच नाही.

मिस्त्री उठता उठता म्हणाले, "सायेब, एवढं करताय तर फुटिंग जरा मोठं घेऊया. कॉलमला बाराच्या जागी सोळाची सळी टाकू. वर कधीपण खोली काढता येईल. सत्तर हजार जास्त धरा."

अण्णांचे डोळे चमकले. मला वाटतं, त्या क्षणी गाडी विषयातून बाहेर पडली.

सळीचं वजन काढायची रीत सोपी आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२. बारा मिलीमीटरची सळी मीटरला ८८९ ग्रॅम भरते, सोळाची एक किलो ५८० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट लोखंड, तेही कोण कधी बांधणार हे ठरलेलं नसलेल्या खोलीसाठी. जिन्याचं तर कुणी नावच काढलं नाही.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या-चौथ्या घराच्या माथ्यावर कॉलमच्या सळ्या वर आलेल्या दिसतात. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या. काही गंजून पापुद्रे सुटलेल्या, काहींना दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. त्यांतल्या दोन घरांतली मुलं पुण्यात स्थायिक झाली आहेत. या सळ्यांचे पैसे त्या त्या वेळी कुणीतरी पीएफमधून, कुणीतरी सोसायटीच्या कर्जातून भरले असणार. गॅरेज किती रुपयांना पडतं, हा प्रश्न मी चुलत्यांना विचारला, मेहुण्याला विचारला; प्रत्येकानं वेगळा आकडा सांगितला. आता कळतंय का ते. जो तो वर काय यायचंय ते धरून सांगत होता. काका तर भाडेकरूच्या भाड्यातून खर्च वसूल करून मोकळे झाले होते.

आमच्या गाडीला काय हवंय? ऊन, पाऊस आणि नारळ चुकवणं. भिंतींचीही गरज नाही. मेहुण्याचं घर नागाळा पार्कात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर त्यानं गाडी आमच्या गल्लीत आणून लावली, २०२१ च्या जुलैतही तेच. त्याचं गॅरेज तिन्ही बाजूंनी बंद, पक्क्या स्लॅबचं. जमीन खोलगट असली की स्लॅबचा काय उपयोग!

१८ ऑक्टोबर, शनिवार

उद्यमनगरात जाऊन आलो. कोल्हापुरात लोखंडाच्या कामाला माणूस शोधावा लागत नाही, हे एक सुख. चौकोनी पाईपचे सहा खांब, बेस प्लेट आणि बोल्ट, वर रंगीत पत्रा, उतार कंपाउंडच्या बाजूला आणि पन्हळ आमच्याच हद्दीत (हे दोनदा लिहून घेतलं, पागोळी शेजाऱ्यांकडे पडली तर नारळाचा विषय मागं पडेल). पत्रा थोडा बाहेर काढून अकरा बाय एकोणीस, २०९ फूट, २४० चा दर. पन्नास हजार धरू. भर आणि काँक्रीट पस्तीस, गेट आणि जाळी अठ्ठावीस. एक लाख तेरा हजारात विषय संपतो. नकाशाचं काय ते इंजिनिअर सांगतील, पण भिंतीच नसल्यानं निदान बोलणी सोपी.

पत्र्यावर नारळ पडला तर? "पोचा येईल, पत्रा बदलू, गाडीला काय होत नाही," कारागीर म्हणाला. मध्यरात्री आवाज मात्र गल्लीभर होणार.

अण्णा दोन दिवस धुसफुसले. आज जेवताना म्हणाले, "पत्र्याचं बी असू दे. पण फुटिंग तेवढं मोठं घे. उद्या पत्रा काढला की स्लॅब टाकता येतोय." आई वाढता वाढता हसली. मी "नाही" म्हणालो. सत्तर हजार त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवतो म्हटलं, तर म्हणे गुडघा चांगला आहे.

विसार देऊन आलो. काम दिवाळी झाल्यावर सुरू. गेट सरकतं करायचं की दोन पाखांचं, ते राहिलंय. सरकतं केलं तर ते सरकायला शेजारी नऊ फूट भिंत मोकळी लागते आणि तिथं विजेचं मीटर आहे. सोमवारी वायरमनला विचारतो.